वैमानिक-प्रशिक्षणार्थींची वैद्यकीय अपात्रता

लष्करी विमान चालविण्याच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या अथवा असे प्रशिक्षण घेत असलेल्या व्यक्तीला आरोग्यविषयक कारणावरून उड्डाणाच्या कामातून वगळणे, म्हणजे वैद्यकीय अपात्रता होय. विमान हाताळण्याचे कौशल्य न साधल्यामुळे प्रशिक्षणार्थीला वगळतात, तो प्रकार निराळा. त्याचा विचार येथे केलेला नाही. अपात्र ठरलेली व्यक्ती रूढ अर्थाने आजारी असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती धडधाकट असते, खेळाडूही असते आणि आपल्या शरीरात काही वैगुण्य आहे, याचा पत्ता तिला तपासणीच्या दिवशीच लागतो. सामान्य वैद्य रोग्याला आज काय झाले आहे, हे पाहतो. वैमानिकीय वैद्यकातील तज्ञाला अठरा-वीस वर्षे वयाचा तरुण पुढील वीस वर्षांत, एकट्याने अतिवेगवान विमान चालवीत असताना, अचानक निकामी होण्याचा संभव किती आहे, याचा अंदाज करावयाचा असतो. अपात्रतेचा निर्णय हे अशा प्रकारे एक भाकीत असते. त्यामागील पुरावा काही बाबतींत पक्का, तर काही बाबतींत फारच तुटपुंजा असतो.

शिकाऊ आणि शिकलेला वैमानिक यांना एकच माप लावले जात नाही. अनुभवी वैमानिकावर राज्याने मोठा खर्च केलेला असतो व त्याचे कौशल्य सिद्ध झालेले असते. त्यामुळे एखादे वैगुण्य उद्भवले, तरी त्याला सवलत देण्याकडे कल असतो. ब्रिटिश हवाई दलातील डग्लस बेडर यांचे दोन्ही पाय १९३१ मधील विमान अपघातात गेले व १९३३ मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आले. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये ते पुन्हा वैमानिक म्हणून रुजू झाले. सोव्हिएट वैमानिक अलेक्सेई मरेस्येव्ह यांचे विमान १९४२ मध्ये पाडले गेले व त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. १९४३ मध्ये ते कृत्रिम पायांनिशी लढाऊ विमान चालवू लागले. पाय नसलेला उमेदवार प्रशिक्षणासाठी आला असता, तर त्याला दारातूनच परत पाठविण्यात आले असते.

इतिहास : विमानविद्येच्या आरंभकाळात वैमानिकासाठी वेगळे वैद्यकीय निकष नव्हते. पायदळात किंवा घोडदळात जखमी होऊन तेथील कामाला निरुपयोगी ठरलेले कित्येक सैनिक पहिल्या महायुद्धात विमानदळात गेले. युद्धाच्या पहिल्या वर्षी मृत्युमुखी पडलेल्या दर शंभर ब्रिटिश वैमानिकांपैकी दोन शत्रूमुळे, आठ विमानातील दोषांमुळे आणि नव्वद स्वतःच्या उणिवांमुळे मेले, असे एक विधान त्या काळच्या व नंतरच्याही अमेरिकन वैद्यकीय लेखनात वारंवार आढळते. हे आकडे इतके नीटनेटके आहेत की, ते मोजून काढले असतील यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. तथापि निवडीच्या वेळी कसून तपासणी करावी, या मताला त्यांनी मोठे बळ दिले, हे खरे. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा थीओडोर लिस्टर या लष्करी डॉक्टरांकडे विमानदळाच्या वैद्यकीय विभागाची सूत्रे आली आणि १९१८ मध्ये न्यूयॉर्कजवळील मिनीओला येथे वैद्यकीय संशोधनशाळा सुरू झाली. उड्डाणपथकाबरोबर राहणारा स्वतंत्र डॉक्टर ही कल्पनाही त्याच वर्षीची.

या काळातील तपासण्यांमध्ये फिरत्या खुर्चीच्या परीक्षेची हकीकत बोधप्रद आहे. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांच्या कार्यावरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी या ऑस्ट्रियन वैद्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. तोल सांभाळणारे हे इंद्रिय ज्याचे उत्तम, तो उत्तम वैमानिक, असे सरळसोट अनुमान अमेरिकन कर्णतज्ञांनी काढले. उमेदवाराला खुर्चीत बसवून वीस सेकंदांत दहा फेरे देत व खुर्ची थांबल्यावर त्याच्या डोळ्यांची अनैच्छिक झटकेदार हालचाल, म्हणजे नेत्रदोल, किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजत. ती सु. २६ सेकंद टिकावी, दहा सेकंद कमीअधिक चालतील, असा दंडक होता. त्यात न बसणारे उमेदवार नाकारले जात. पुढे अनुभवान्ती असे दिसून आले की, या सेकंदांचा विमान चालविण्याच्या कौशल्याशी फारसा संबंध नाही, आणि परीक्षा मागे पडली.

खुर्ची मात्र मागे पडली नाही. १९२६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील क्रिसी विमानतळावर विल्यम ऑकर या अनुभवी लष्करी वैमानिकांची नित्याची तपासणी डेव्हिड मायर्स हे डॉक्टर करीत होते. डोळे झाकून खुर्चीत फिरविल्यावर खुर्चीचा वेग कमी झाला, तेव्हा ऑकर यांना ती थांबली असे वाटले. ती थांबली, तेव्हा ती उलट दिशेने फिरत आहे असे त्यांनी सांगितले. वळणदर्शक उपकरण बसविलेली एक पेटी घेऊन ते परत आले आणि त्यात पाहून त्यांनी प्रत्येक वेळी अचूक उत्तर दिले. निरोगी माणसाचा अंतर्कर्णही ढगात व अंधारात हटकून फसवितो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये, उपकरणावर विसंबावे, असा धडा या प्रयोगातून मिळाला आणि उपकरणाधारित उड्डाणाच्या शिक्षणाला तो पायाभूत ठरला. सदोष माणसे वेगळी काढण्यासाठी आणलेल्या खुर्चीने या बाबतीत सर्वच माणसे सदोष असतात, हे दाखवून दिले.

दाब, प्रवेग आणि शरीराची मापे : अपात्रतेची काही कारणे अशी आहेत की, त्यांच्याबद्दल वाद होण्याचे कारण नाही, ती भौतिकीतूनच उद्‌भवतात. समुद्रसपाटीपासून सु. ५,५०० मी. उंचीवर हवेचा दाब निम्मा होतो. विमान खाली येताना बाहेरचा दाब वाढतो व मध्यकर्णातील दाब त्याच्याशी समान राखण्यासाठी कान आणि घसा यांना जोडणारी नलिका उघडावी लागते. ती न उघडल्यास कानाचा पडदा आत खेचला जातो, तीव्र वेदना होतात आणि पडदा फाटूही शकतो. नाकाभोवतीच्या हाडांमधील पोकळ्यांचेही असेच होते. म्हणून जुनाट सर्दी, नाकातील मांसवृद्धी, पडद्याला पडलेले भोक व वाहता कान या घरगुती वाटणाऱ्या तक्रारी उमेदवाराच्या मार्गातील मोठे अडथळे ठरतात. दम्याचेही तसेच.

लढाऊ विमान वेगाने वळविताना वैमानिकाच्या शरीराचे वजन नऊपटीपर्यंत वाढल्यासारखे होते. रक्त पायांकडे खेचले जाऊन मेंदूचा पुरवठा तुटतो. प्रथम दृष्टी मंदावते, नंतर शुद्ध हरपते. स्नायू आवळून श्वास रोखण्याची विशिष्ट पद्धत आणि पायांना व पोटाला दाबणारा पोशाख यांच्या साहाय्याने ही सहनशक्ती वाढविता येते. त्यामुळे निवडीपेक्षा शिक्षणाचा भाग यात मोठा आहे.

संकटसमयी विमानाबाहेर फेकणाऱ्या उत्क्षेपक आसनाची गोष्ट वेगळी. ते क्षणार्धात वैमानिकाला गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. १२ ते २० पट प्रवेगाने वर ढकलते. हा सर्व भार पाठीच्या कण्यावर येतो व मणका दबून मोडणे ही अशा सुटकेतील नेहमीची इजा आहे. यासाठी उमेदवाराच्या संपूर्ण कण्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतात. मणक्याची जन्मजात अपूर्ण वाढ, एका मणक्याचे दुसऱ्यावरून सरकणे, कण्याचा ठरावीक मर्यादेपलीकडील बाक इ. दोष आढळल्यास उमेदवार अपात्र ठरतो. त्याची पाठ एरवी कधीही दुखलेली नसते आणि कदाचित पुढेही दुखणार नसते. त्यामुळे हा निर्णय त्याला पटविणे डॉक्टरांना अवघड जाते.

आसन उसळते तेव्हा गुडघे समोरच्या उपकरणफलकाला लागू नयेत, डोके छताला टेकू नये आणि बसल्या जागेवरून पाय सुकाणूच्या पायट्यांपर्यंत पोहोचावेत, यासाठी शरीराची मापे घेतात. भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या निकषांत उंची किमान १६२.५ सेंमी., बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंमी., पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी. व मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंमी. अशी मापे आढळतात. मांडी एखाद्या सेंटिमीटरने लांब भरल्यामुळे परत जावे लागलेल्या उमेदवाराला ही थट्टा वाटते. परंतु सेंटिमीटरभर अंतरात गुडघ्याची वाटी असते. अर्थात माणूस विमानात बसत नसेल, तर दोष माणसाचाच असतो असे नाही. अमेरिकेतील अनेक लष्करी विमानांचे वैमानिककक्ष १९६७ मध्ये पुरुष वैमानिकांची जी मापे घेण्यात आली, त्यांवर बेतलेले होते. तेथील हवाई दलाची उंचीची अट वीस ते एकोणतीस वर्षे वयाच्या सु. ४४ टक्के अमेरिकन स्त्रियांना वगळीत होती. २०२० मध्ये ही सरसकट अट काढून टाकण्यात आली व प्रत्येक उमेदवाराची मापे कोणत्या विमानाला जुळतात, ते स्वतंत्रपणे पाहण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

दृष्टी : तरुण उमेदवारांच्या अपात्रतेचे सर्वपरिचित कारण डोळे हे आहे. भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी एका डोळ्याची दृष्टी ६/६ व दुसऱ्याची ६/९ असावी, तीही केवळ दूरदृष्टितेच्या बाबतीत चष्म्याने ६/६ पर्यंत सुधारणारी असावी, असा दंडक आहे. लांबचे अंधुक दिसणे, म्हणजे निकटदृष्टिता, मात्र खपवून घेतली जात नाही. यामागील कारण केवळ चष्म्याची अडचण हे नाही. निकटदृष्टिता बहुधा शाळकरी वयात सुरू होऊन विशीपर्यंत वाढत जाते. तेव्हा अठराव्या वर्षी थोडी असलेली चोविसाव्या वर्षी किती असेल, ते सांगता येत नाही. येथेही डॉक्टर भाकीतच करीत असतात.

शस्त्रक्रियेने चष्मा घालविण्याच्या पद्धती निघाल्या, तेव्हा या निकषापुढे नवाच प्रश्न उभा राहिला. आरंभीच्या पद्धतीत डोळ्याच्या स्वच्छमंडलावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद घेत. असे स्वच्छमंडल उंचीवरील विरळ हवेत आपला आकार बदलते. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर गेलेले अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांची अशी शस्त्रक्रिया झालेली होती. शिखराच्या वाटेवर त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले व ते मरणाच्या दारातून परत आले. ही पद्धत वैमानिकांना वर्ज्य मानण्यात आली, ते योग्यच होते. लेसर किरणांनी स्वच्छमंडलाचा पृष्ठभाग घडविण्याच्या पद्धतींत मात्र असा बदल आढळला नाही. उंचीवरील विरळ हवा, कोरडेपणा व प्रवेग यांचे परिणाम तपासल्यानंतर अमेरिकेच्या हवाई दलाने २००७ मध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्यांवरील निर्बंध शिथिल केले. भारतातही शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, नंतर लोटलेला काळ, डोळ्याची लांबी व स्वच्छमंडलाची उरलेली जाडी यांबद्दलच्या अटींवर काही प्रवेशमार्गांनी येणाऱ्या उमेदवारांचा विचार होतो. शालेय शिक्षणानंतर लगेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे वळणाऱ्या मुलाला वयाच्या अटीमुळे याचा उपयोग नसतो. चष्मा घालवून प्रबोधिनीत जाता येईल, अशा समजुतीने घाईने शस्त्रक्रिया करवून घेणारी कुटुंबे आढळतात. तेव्हा ही गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

वर्णदृष्टीचा दोष हा जन्मभराचा असतो व तो उपचाराने जात नाही. त्याला कारणीभूत होणारी जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत अधिक आढळतो. यूरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सु. ८ टक्के, तर स्त्रियांत सु. अर्धा टक्का आहे. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर फ्रिथिओफ हॉल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडींची परीक्षा रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी प्रचारात आणली. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखण्याच्या ज्या तक्त्यांनी आज ही तपासणी होते, ते जपानी नेत्रवैद्य शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. हा दोष असलेल्यांपैकी अनेकांना व्यवहारात काहीच अडत नाही, त्यामुळे अपात्रतेचा हा निकष अन्यायाचा आहे, असा युक्तिवाद केला जातो. त्यावर २६ जुलै २००२ च्या अपघाताचा दाखला महत्त्वाचा आहे. त्या दिवशी पहाटेच्या अंधारात अमेरिकेतील टॅलहॅसी विमानतळावर उतरणारे एक मालवाहू बोइंग ७२७ विमान धावपट्टीपूर्वीच झाडांवर आदळले. उतरण्याचा कोन बरोबर आहे की नाही, हे दाखविणारे तांबडे-पांढरे दिवे धावपट्टीच्या बाजूला लागलेले होते. विमान धोकादायक रीत्या खाली आले असता चारही दिवे तांबडे दिसावयास हवेत. विमान चालवीत असलेल्या सहवैमानिकाच्या वर्णदृष्टीत दोष होता व त्याला त्याबाबत सवलत मिळालेली होती. कर्मचाऱ्यांचा थकवा व देखरेखीतील हयगय यांबरोबर हा दोषही चौकशीत साहाय्यक कारण म्हणून नोंदला गेला. तिघेही कर्मचारी जखमी झाले, पण वाचले.

हृदय आणि मेंदू : उड्डाणात अचानक निकामी होण्याची भीती प्रामुख्याने या दोन इंद्रियांमुळे असते. हृदयाच्या बाबतीत ब्रिटनमधील तज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात एक मोजपट्टी सुचविली : दोन वैमानिक असलेल्या प्रवासी विमानात, एका वैमानिकाला वर्षभरात निकामी करणारा झटका येण्याचा संभव एक टक्क्याहून कमी असेल, तर तो चालू शकेल. एकच आसन असलेल्या लढाऊ विमानासाठी याहून कडक मर्यादा लागते, हे उघड आहे. ही पट्टी परिपूर्ण नाही. परंतु जोखीम शून्य कधीच नसते, ती किती चालेल एवढेच ठरवावयाचे असते, हे तिने प्रथमच उघडपणे मांडले. त्यापूर्वी निव्वळ धास्तीने निर्णय होत असत. अमेरिकेच्या हवाई दलातील वैमानिक डॉनल्ड स्लेटन यांची १९५९ मध्ये पहिल्या सात अंतराळवीरांत निवड झाली होती. हृदयाच्या ठोक्यांत अधूनमधून अनियमितता येते, एवढ्यावरून १९६२ मध्ये त्यांचे उड्डाण रद्द झाले. दहा वर्षांनंतर त्यांना पुन्हा पात्र ठरविण्यात आले आणि १९७५ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अपोलो–सोयूझ मोहिमेत त्यांनी अंतराळप्रवास केला.

मेंदूतील विद्युत् प्रवाहांचा आलेख काढून अपस्माराची, म्हणजे फेफऱ्याची, सुप्त प्रवृत्ती हुडकून काढता येईल, अशी आशा दुसऱ्या महायुद्धानंतर निर्माण झाली व अनेक हवाई दलांनी उमेदवारांची तशी सरसकट तपासणी सुरू केली. या भाकिताचे पुढे काय झाले, हे ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेले आहे. तेथील १३,६५८ पुरुष उमेदवारांपैकी ६९ जणांच्या, म्हणजे सु. अर्ध्या टक्क्याच्या, आलेखात अपस्मारासारखे निःसंशय बदल आढळले होते. वर्षानुवर्षे माग काढल्यानंतर त्यांच्यापैकी फक्त एकालाच निश्चितपणे अपस्मार जडल्याचे दिसून आले. उरलेल्यांचे काय ? एका रोग्याला रोखण्यासाठी कितीतरी निरोगी तरुणांना वगळावे लागते, असा याचा अर्थ होतो. तो एकजण आकाशात असता, तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तरही याच आकड्यांत आहे. हिशोबाच्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. अनेक देशांत आता ही तपासणी सरसकट न करता, पूर्वी शुद्ध हरपलेल्या किंवा कुटुंबात अपस्मार असलेल्या उमेदवारांपुरतीच करतात.

दात्रकोशिका विशेषक : वैद्यकीय निकष आणि सामाजिक न्याय यांची गाठ कशी पडते, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण होय. सिकल सेल या नावाने परिचित असलेल्या आनुवंशिक रक्तविकाराचे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेले असेल, तर व्यक्ती केवळ वाहक असते. ती एरवी निरोगी असते. ऑक्सिजन फार कमी झाल्यास मात्र तिच्या तांबड्या कोशिकाही विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात. अमेरिकेत टेक्सस राज्यातील फोर्ट ब्लिस येथे, १,२०० मी.हून थोड्या अधिक उंचीवर, प्राथमिक लष्करी प्रशिक्षण घेताना १९६८-६९ मध्ये चार कृष्णवर्णीय सैनिक मरण पावले. ते वाहक होते, असे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९७३ मध्ये वाहकांना वैमानिक वा सहवैमानिक करू नये, अशी शिफारस केली आणि हवाई दलाच्या प्रबोधिनीने वाहकांना प्रवेशच बंद केला. कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी सु. ८ टक्के लोक वाहक असल्याने हा निर्णय वस्तुतः एकाच समाजाला लागू झाला. प्रकरण न्यायालयात गेले व १९८१ मध्ये ही बंदी उठली.

बंदी उठली, म्हणून धोका मुळीच नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. १९८७ च्या एका अभ्यासात प्राथमिक प्रशिक्षणातील अनपेक्षित मृत्यूंचे प्रमाण वाहक सैनिकांत कित्येक पट अधिक आढळले. त्यानंतर उष्णतेपासून संरक्षण, पुरेसे पाणी व टप्प्याटप्प्याने वाढविलेले श्रम, ही काळजी सर्वच प्रशिक्षणार्थींबाबत घेण्यावर भर देण्यात आला. २०१६ मध्ये सु. ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींवरून असे दिसले की, वाहकांचा मृत्युदर इतरांहून अधिक नाही. अतिश्रमाने स्नायू नष्ट होण्याचा धोका तेवढा काहीसा जास्त आहे. प्रशिक्षण सुधारल्यावर माणसांना वगळण्याचे कारण बहुतांशी नाहीसे झाले. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार या भागांत, विशेषतः आदिवासी समाजांत, या जनुकाचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकालाही दूरचा नाही.

प्रशिक्षणकाळातील अपात्रता : प्रवेशानंतर उद्‌भवणाऱ्या कारणांत खेळातील व कवायतीतील दुखापती, गुडघ्याच्या बंधांचे विकार, पाठदुखी व मानसिक ताण यांचा समावेश होतो. विमान लागणे हा याच काळातील खास त्रास. पहिल्या काही उड्डाणांत मळमळ व उलटी अनेकांना होते आणि सवयीने ती जाते. ज्यांची जात नाही, त्यांना पूर्वी वगळत असत. ब्रिटिश हवाई दलात टॉमस डोबी यांनी अशा प्रशिक्षणार्थींना जमिनीवरील फिरत्या यंत्रात बसवून, मात्रा हळूहळू वाढवीत, शरीराला सवय लावण्याची पद्धत विकसित केली व तिने पुष्कळांना परत उड्डाणावर नेता आले. बारानी यांची खुर्ची अशा रीतीने आपल्या तिसऱ्या अवतारात माणसे वाचविण्याच्या कामी आली.

निकष जितका कडक, तितका लपविण्याचा मोह मोठा. सर्दी, पाठदुखी, निद्रानाश वा उदासी डॉक्टरला सांगितली, तर उड्डाण बंद होईल, या भीतीने प्रशिक्षणार्थी गप्प राहतो आणि ज्या माहितीवर सारे भाकीत अवलंबून असते, तीच दडविली जाते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील ३,७६५ वैमानिकांपैकी ५६.१ टक्के वैमानिकांनी, आपली वैद्यकीय मान्यता जाईल या धास्तीने आरोग्यसेवा टाळल्याचे सांगितले. उड्डाणपथकाचा डॉक्टर प्रशिक्षणार्थींबरोबर राहणारा, त्यांच्याबरोबर उडणारा असावा, असा आग्रह १९१८ पासून धरला जातो, त्याचे कारण हेच आहे.

भारतातील पद्धती : निवड मंडळाने शिफारस केलेल्या उमेदवारांची उड्डाणासाठीची खास तपासणी हवाई दलाच्या दिल्ली येथील मध्यवर्ती वैद्यकीय आस्थापनेत किंवा बंगळूर येथील इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन या संस्थेत होते. बंगळूरची संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली असून विमान लागणे, प्रवेग, ऑक्सिजनन्यूनता इ. विषयांवरील संशोधनही तेथे चालते. अपात्र ठरलेल्या उमेदवाराला कारण सांगितले जाते व त्याला अपील मंडळाकडे आणि त्यानंतर पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. तात्पुरत्या कारणांवर मधल्या काळात उपचार करवून घेता येतात. त्यामुळे अपिलात पात्र ठरणारेही असतात. सेवेतील व्यक्तीची वैद्यकीय श्रेणी उड्डाणक्षमता व जमिनीवरील कामाची क्षमता अशा दोन अक्षरांकांनी दर्शवितात. ए१ जी१ ही सर्व कामांस योग्य, तर ए४ जी१ ही उड्डाणास अयोग्य पण जमिनीवरील कामास योग्य, अशी श्रेणी होय. दुसऱ्या प्रकारच्या प्रशिक्षणार्थीला तांत्रिक, प्रशासकीय किंवा अन्य शाखेत जागा व पात्रता असल्यास वळविता येते. वैमानिक होण्याच्या ध्यासाने आलेल्या तरुणाला धावपट्टीशेजारी काम करीत राहणे जड जाते. तथापि अशा अधिकाऱ्यांनी हवाई दलाच्या अन्य शाखांत उत्तम काम केलेले आहे.

ज्यांना कोणत्याच कामासाठी ठेवता येत नाही, त्यांची स्थिती फार बिकट होते. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा अन्य प्रशिक्षणसंस्थांत शिकत असताना गंभीर इजा होऊन वगळल्या गेलेल्या छात्राला, तो अधिकारपदावर नियुक्त झालेला नसल्यामुळे, माजी सैनिक मानले जात नाही. त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणात सानुग्रह मासिक रक्कम मिळते. १९८५ पासून अशा सु. ५०० अधिकारी-छात्रांना वैद्यकीय कारणावरून बाहेर पडावे लागले, असे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने या छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, प्रवेशशुल्क न आकारता, सामावून घेतले.